माधानचे विद्यार्थी : प्रज्ञाचक्षू श्रीगुलाबराव महाराज

कळंबच्या श्रीचिंतामणीचे देऊळ ज्यांनी पाहिले आहे त्यांना ठाऊक असेल की तेथे देवाकडे चढून जायचे नसते, उतरून जायचे असते. यवतमाळहून नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे आमचे गाव. जमिनीच्या पोटात पायऱ्या उतरत जावे, खाली कुंडाचे पाणी आणि देवाचे दर्शन. विद्येची देवता अशी खाली, पाण्याजवळ बसलेली. त्या पायऱ्या आम्ही डोळे मिटूनही उतरू, असे आम्ही मोठ्या कौतुकाने म्हणत असू. गेल्या दोन वर्षांत ते बोलणे अंगावर आले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि प्रत्येक पायरी पायाने चाचपावी लागू लागली.

गणेशजयंतीला गावात आमचे कीर्तन झाले. निरूपणात विद्येचा महिमा ओघाने आला व आम्हीही तो यथाशक्ति गाइला. कीर्तन संपल्यावर एक म्हातारे शेतकरी बुक्का लावून घ्यायला पुढे आले. अनेक वर्षांचे वारकरी, अक्षरओळख नाही, पण हरिपाठ मुखोद्गत. हात जोडून त्यांनी आपल्या वऱ्हाडी बोलीत विचारले की महाराज, आता या वयात शिकून का करू जी, हाडं त नदीवर जायाले आली. सुख पायजे त नाम घ्यावं, पोथ्या कायले पायजे? आम्ही हसलो आणि ठेवणीतला एक दृष्टांत त्यांच्या पदरात टाकला. त्यांनी मान डोलावली व ते गेले. पण आमचे उत्तर त्यांना पटले नव्हते हे आम्हास कळले, आणि खरे सांगायचे तर आम्हासही पटले नव्हते.

याचे कारण लपवून उपयोग नाही. बालपणी पाठशाळेत बारा वर्षे घासली, कौमुदी झाली, पंचदशी झाली, भाष्याचा थोडा भाग झाला. पुढे टाळ-वीणा हाती आली आणि गावोगावची आमंत्रणे येऊ लागली. त्यानंतर आम्ही नवे असे काय शिकलो? तेच वीस-पंचवीस अभंग निरूपणाला, तेच दृष्टांत, श्रोते हसायची ठिकाणेही तीच. जुन्या शिदोरीवर तीस-पस्तीस वर्षे काढली. लोक विद्वान म्हणत आणि आम्ही ते ऐकून घेत असू. आता अक्षरावरची मात्रा दिसेना, अनुस्वार दिसेना. डॉक्टर म्हणाले, आधी डावा डोळा करू, मग उजवा. भीती अशी वाटली की पोथी सुटली, आता आहे तेवढेच उगाळत बसायचे. त्या खिन्न दिवसांत घरातल्या फडताळातून श्रीगुलाबराव महाराजांचे चरित्र काढले आणि नातीला वाचून दाखवायला सांगितले. त्या श्रवणाचा हा प्रसाद आहे.

महाराजांचे नाव वारकऱ्यांस नवे नाही. विदर्भात तर घराघरांत त्यांची तसबीर असते. कपाळी कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, डोळे मिटलेले. त्यांचा जन्म आषाढ शुद्ध दशमी, शके १८०३, म्हणजे ६ जुलै १८८१ रोजी अमरावतीजवळच्या लोणी टाकळी येथे झाला. उद्या एकादशी, पंढरीत दिंड्या पोचलेल्या, आणि इकडे वऱ्हाडात हे बालक जन्मास आले. लोणी टाकळी हे आजोळ. मूळ गाव चांदूर बाजार तालुक्यातले माधान, आडनाव मोहोड, जात कुणबी. वडील गोंदुजी, आई अलोकाबाई. मूल नऊ महिन्यांचे असताना डोळ्यांस रोग झाला, औषध चुकले आणि दृष्टी कायमची गेली. चार वर्षांचे झाले तेव्हा आई गेली. मग पुढची सहाएक वर्षे आजीपाशी, लोणी टाकळीस गेली.

येथे क्षणभर थांबावे लागते. आम्हास या वयात थोडे अंधुक दिसू लागले तर जग बुडाल्यासारखे झाले. त्या मुलाला तर आईचा चेहरा कसा होता हेही सांगता येण्याजोगे नव्हते. आणि काळ कोणता? आंधळ्यांसाठी या देशात पहिली शाळा निघाली ती अमृतसरला, १८८७ साली, एका ख्रिस्ती बाईने काढलेली. वऱ्हाडातल्या खेड्याला तिची वार्ता असण्याचे कारण नाही. बोटांनी वाचायची उठावाची लिपी लुई ब्रेल नावाच्या एका आंधळ्या फ्रेंच गृहस्थाने कधीच सिद्ध केली होती, पण आपल्या भाषांसाठी तिची एकसारखी पद्धत ठरली १९५१ साली. महाराज तोवर समाधिस्थ होऊन छत्तीस वर्षे लोटली होती. तेव्हा आंधळ्या मुलाने काय करावे? ओट्यावर बसावे, भाकर खावी, भजनात टाळ धरावा. लोकांची अपेक्षा एवढीच.

पण या मुलाला ऐकण्याचे वेड होते. जो कोणी वाचणारा भेटेल त्याच्याकडून वाचून घ्यायचे, ऐकलेले धरून ठेवायचे आणि आणखी मागायचे. स्मरणशक्ती विलक्षण होती, एकदा ऐकलेले विसरत नसत, असे सर्व चरित्रकार सांगतात.

आम्ही संस्कृत पाठशाळेत शिकलेले असल्यामुळे एक गोष्ट आम्हास विशेष जाणवली. आपली जुनी विद्या मुळात डोळ्यांची नव्हेच, कानांची आहे. वेदाची संथा देताना गुरुजी म्हणत, आम्ही त्यांच्या तोंडाकडे लक्ष ठेवून दोनदा म्हणत असू. पुस्तक हाती घेतले तर छडी बसे. पद, क्रम, जटा, घन ही सारी कानाची कसरत. त्या पद्धतीत आंधळ्या मुलाचे काहीएक अडण्याचे कारण नव्हते. अडचण डोळ्यांची नव्हती, दाराची होती. कुणब्याच्या मुलाला वेदपाठशाळेचे दार त्या काळी उघडे नव्हते. दूर कशाला, आम्ही शिकलो त्या पाठशाळेतही कुणब्याचे एक पोर नव्हते, आणि ते का नाही असा प्रश्न आमच्यापैकी एकाच्याही मनात आला नाही. आम्हास कानाला धरून शिकवले, जेवू घातले, आणि आम्ही बारा वर्षांनी थांबलो. त्यांना कोणी शिकवायला बसले नाही, आणि ते कधी थांबले नाहीत.

इ.स. १८९६ साली, पंधराव्या वर्षी, त्यांचे लग्न झाले. पत्नीचे नाव मनकर्णिका. प्रपंचाचा भाग चरित्रात थोडका आहे, आम्हीही तो थोडक्यात सोडतो. पुढे १९०१ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, माउलींनी त्यांस दर्शन दिले, मांडीवर घेतले आणि स्वनामाचा मंत्र दिला, अशी भक्तमंडळींची श्रद्धा आहे. तेव्हापासून ते स्वतःस श्रीज्ञानेश्वरांची कन्या म्हणवू लागले. माउली समाधिस्थ झाली शके १२१८ मध्ये, म्हणजे १२९६ साली. मध्ये सहाशे वर्षे. सहाशे वर्षांपूर्वीच्या आईची ही लेक. आणि आईच्या घरचा जावई कोण, तर श्रीकृष्ण. म्हणून कुंकू, म्हणून मंगळसूत्र. अद्वैत न सोडता प्रेमाची गोडी भोगायची, या त्यांच्या सिद्धांतास मधुराद्वैत म्हणतात. एका पुरुषाने, त्यातही पाटलाच्या घरच्या पुरुषाने, असा वेश घेतल्यावर गावगाड्यात काय काय बोलले गेले असेल ते सांगायला नको. महाराजांनी वेश सोडला नाही.

आता आमच्या मनातली गोष्ट बोलतो. कोणा भाविकास ती रुचली नाही तर क्षमा करावी. पुष्कळ मंडळी मोठ्या प्रेमाने सांगतात की महाराजांना काही शिकावे लागलेच नाही, ग्रंथाला नुसता हात लावला की आतला अर्थ त्यांस कळे. कृपेविषयी आम्हास शंका नाही. माउलींच्या कृपेवाचून एवढे घडते ना. पण मग आम्ही विचारतो, सारे आपोआप कळत होते तर ग्रंथ वाचून का घेत? शिष्यांना वाचायला का बसवत? आंधळ्याला वाचणाऱ्याची वाट पाहावी लागते. वाचणारा शेतावर गेला असेल, थकला असेल, वाचता वाचता त्याला डुलकी लागेल, जोडाक्षराशी अडेल, चुकीचे वाचील. हे सारे सोसून जो ऐकतो त्याचे श्रम आपण चमत्काराखाली झाकून टाकले तर मोठेपणा वाढत नाही, उलट हातचा जातो. चमत्काराला आपण नमस्कार करतो आणि घरी जातो. श्रमाकडे पाहिले तर आपल्याला लाज वाटते, आणि ती वाटलेली बरी.

शिकण्याची व्याप्ती तरी किती? षड्दर्शने, वेदान्त, भक्तिशास्त्र, योग हे आलेच. त्याखेरीज आयुर्वेद, संगीत, काव्यशास्त्र, व्याकरण. मनाच्या रोगांवर मानसायुर्वेद नावाचा ग्रंथ त्यांनी रचला. साधुबोध, संप्रदायसुरतरु, योगप्रभाव, प्रेमनिकुंज ही नावे पुष्कळांनी ऐकली असतील. मराठी, हिंदी, संस्कृत अशा भाषांत मिळून सव्वाशेहून अधिक लहानमोठ्या रचना त्यांच्या नावावर आहेत, आणि त्यांची पाने भरतात सहा हजारांच्या घरात. हे सारे तोंडी सांगायचे आणि दुसऱ्याने उतरून घ्यायचे. पुढे ते सूक्तिरत्नावली या ग्रंथमालेत छापले गेले. नावंग नावाची एक स्वतंत्र भाषाही त्यांनी रचली होती. याचा व्यवहारात उपयोग काय, असे कोणी विचारील. लहान मूल वाळूत घर बांधते त्याचा जो उपयोग तोच, असे आम्ही उत्तर देऊ.

सर्वांत नवल आम्हास वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. डार्विन, स्पेन्सर हे इंग्रज पंडित काय म्हणतात हेही त्यांनी समजून घेतले व त्यावर आपले विचार मांडले. माधानसारख्या गावी, एक अंध पुरुष, इंग्रजी शाळेचे तोंड न पाहिलेला, विकासवादाचा पूर्वपक्ष ऐकतो आहे! त्यांनी केलेले खंडन आज जसेच्या तसे कोणी स्वीकारील असे आम्हास वाटत नाही. डार्विनचे शास्त्र त्यानंतर पुष्कळ पुढे गेले आहे आणि भक्कमही झाले आहे. पण खंडन करण्याआधी प्रतिपक्ष पुरता ऐकून घ्यावा हा शास्त्राचा जो दंडक, तो त्यांनी पाळला. आम्ही कीर्तनकार मात्र पुष्कळदा ज्यांची पुस्तके पाहिलीही नाहीत त्यांची टर उडवून टाळ्या घेतो. आम्हीही घेतल्या आहेत.

मग हा मनुष्य सुखी होता का? म्हाताऱ्या वारकऱ्याचा प्रश्न तर तोच होता. डोळे नऊ महिन्यांचे असताना गेले, आई चौथ्या वर्षी, आयुष्य अवघे चौतीस वर्षांचे. २० सप्टेंबर १९१५ रोजी पुण्यास त्यांनी देह ठेवला. व्यवहाराच्या तराजूत हे सुखाचे माप नव्हे. परंतु नातीच्या तोंडून त्यांचे जेवढे ग्रंथ आम्ही या दिवसांत ऐकले, तेवढ्यात डोळ्यांविषयी रड कोठे कानी आली नाही. वाद आहे, तीक्ष्णता आहे, क्वचित फटकाही आहे, कुरकुर नाही. त्याचे कारण आमच्या अल्पमतीने आम्ही असे लावतो. त्यांनी स्वतःस माउलींची कन्या मानले, आई मानले नाही, गुरु मानले नाही. लेक ही कितीही मोठी झाली तरी आईपाशी शिकतच असते. जो स्वतःला लेकरू समजतो त्याला विचारायची लाज वाटत नाही, आणि ज्याला विचारायची लाज नाही त्याचा दिवस रिकामा जात नाही. आम्ही मात्र ऐन उमेदीत महाराज झालो. महाराजाने विचारायचे कोणाला?

त्यांच्याच जिल्ह्यात, पाच वर्षे आधी, श्रीगाडगेबाबा जन्मले. एकाला अक्षर दिसत नव्हते, दुसऱ्याला ते कोणी शिकवले नव्हते. एकाने ग्रंथांचे डोंगर केले, दुसऱ्याने पोरांना शाळेत घाला म्हणून खेडोपाडी खराटा घेऊन लोकांस हलवले. हा विषय मोठा आहे. पुन्हा केव्हा तरी.

चरित्र संपले तेव्हा नातीला वाचनाची गोडी लागली होती आणि आम्हास ऐकण्याची. मुलगी नववीत आहे. शाळेत संस्कृत आहे, पण ते गुणांपुरते. आम्ही तिला तैत्तिरीय उपनिषद काढायला सांगितले. घरातल्या मुलीने उपनिषद वाचावे हे आमच्या गुरुजींना रुचले असते की नाही कोण जाणे. त्या उपनिषदाची पहिली वल्ली शिक्षेची. तीत गुरु घरी निघालेल्या शिष्यास बजावतात की स्वाध्याय सोडू नकोस. दुसरी वल्ली आनंदाची. तीत आनंदाचे माप दिले आहे. एक तरुण, सदाचारी, शिकलेला, धडधाकट, आणि सारी पृथ्वी धनधान्याने भरलेली त्याच्या मालकीची. त्याचा आनंद हा मनुष्याचा एक आनंद. त्याच्या शंभरपट मनुष्यगंधर्वांचा, त्याच्या शंभरपट देवगंधर्वांचा, असे चढत चढत ब्रह्मदेवापर्यंत. आणि प्रत्येक पायरीला सांगितले आहे की वासनेने न पछाडलेल्या श्रोत्रियाचाही आनंद तेवढाच. श्रोत्रिय म्हणजे वेद शिकलेला. शब्दात श्रोत्र, म्हणजे कान, स्पष्ट ऐकू येतो.

हा भाग आम्ही चाळीस वर्षे म्हणत आलो आहोत. नात अडखळत वाचत होती, मध्येच थांबली आणि म्हणाली, आजोबा, श्रोत्रियाचे ते वाक्य पहिल्या पायरीला नाहीये. बाकी सगळीकडे आहे, माणसाच्याच पायरीला नाही, असे का?

आम्ही गप्प झालो. चाळीस वर्षांत ही गोष्ट आमच्या ध्यानात आली नव्हती. घोकलेल्या जिभेला खाचखळगे लागत नाहीत, त्यातला हा प्रकार. मागचे दिवस असते तर आम्ही काहीतरी ठोकून दिले असते. त्या दिवशी आम्ही म्हटले, आम्हास ठाऊक नाही, शोधू.

दोन दिवस शोध चालला. भाष्याची पोथी वरच्या माळ्यावर, तिला वाळवी लागायला आली होती. नातीला भाष्याची ओळ लागेना, आम्हास दिसेना. ती एकेक अक्षर उच्चारी, आम्ही पदे तोडून देऊ. शेवटी पाठशाळेतल्या एका जुन्या सहाध्यायास फोन लावला, कितीतरी वर्षांनी. त्याने जागा सांगितली. आणि सापडले! श्रीशंकराचार्यांनी या प्रश्नाचेच उत्तर देऊन ठेवले आहे. मनुष्याच्या भोगांची हाव ज्याला उरली नाही त्या श्रोत्रियाचा आनंद मनुष्याच्या आनंदाएवढा कसा असेल? तो तेथूनच शंभरपट, मनुष्यगंधर्वाच्या बरोबरीचा आहे. म्हणून त्याला पहिल्या पायरीवर बसवलेच नाही. सारी पृथ्वी ज्याच्या मालकीची, त्याच्याही वरच्या पायरीपासून त्याची गणती सुरू होते.

मुलीने टाळी वाजवली. आम्ही श्रोत्रिय नव्हे आणि निष्काम तर मुळीच नव्हे, पण त्या संध्याकाळी जे वाटले ते शेकडो कीर्तनांत मिळालेल्या नारळांनी व शालजोड्यांनी कधी वाटले नव्हते. रात्री झोप येईना. तिला पुन्हा उठवून ते भाष्य वाचून घ्यावे की काय, असे बालिश विचार मनात येत होते.

डावा डोळा नंतर झाला, बरा आहे. अक्षर दिसते. तरी संध्याकाळचे वाचन नातच करते. तिच्या अडखळण्याची आम्हास सवय झाली आहे, आणि तिथेच काहीतरी सापडते. ओट्यावर दोन-चार माणसे येऊन बसतात. सध्या महाराजांचे साधुबोध चालू आहे. गेल्या एकादशीला ते म्हातारे शेतकरी आले, खांबाला टेकून बसले. आम्ही त्यांना ओळख दिली नाही, मागचा प्रश्नही काढला नाही. बराच वेळ ते डोळे मिटून होते. झोपले असावेत असे वाटले. नात पान उलटू लागली तशी त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, थांब वं बाई, ते मागचं एकडाव अजून वाच.